‘कसं वाटलं?’ असं विचारू नका

पहिलं डिझाइन क्लायंटपुढे ठेवलं की आपल्या तोंडून सहज निघून जातं, “कसं वाटलं?” हा प्रश्न विचारणं बंद करा. समोरचा माणूस सज्जन असतो; तुम्ही विचारलंत म्हणून तो उत्तर देतो. निळा जरा गडद वाटतो, असं तो म्हणतो. त्याच्या मुलीला गोल बटणं आवडतात, भागीदाराला लोगो मोठा हवा असतो. पुढचे तीन आठवडे निळ्याच्या छटा बदलण्यात जातात आणि वेबसाइट कशासाठी करायला घेतली होती, हे दोन्ही बाजू विसरून जातात. त्याऐवजी असं विचारा: “तुमचं गिऱ्हाईक इथं आलं, तर त्याचं काम होईल का?” याचं उत्तर बसल्या जागी तपासून बघता येतं. आवडीनिवडीचं तसं काही तपासता येत नाही, म्हणून तिथं वाद लांबतो आणि ज्याचे पैसे त्याचा रंग, यावर येऊन संपतो.

हे मी लिहितोय ते एकट्यानं किंवा दोघा-तिघांच्या जोरावर वेबसाइट करून देणाऱ्यांसाठी. आपले क्लायंट म्हणजे दवाखाने, पतसंस्था, क्लासेस, होमस्टे, बागायतदार. त्यांच्याकडे मार्केटिंगचा वेगळा विभाग नसतो. मालकच सगळं ठरवतो आणि तोच गल्ल्यावर बसतो. अशा कामात डिझाइन आणि क्लायंटशी वागणं या दोन गोष्टी वेगळ्या शिकता येत नाहीत. क्लायंटला नेमकं काय विचारलं, यावर पहिला स्क्रीन कसा होणार हे ठरतं.

एक उदाहरण सोबत घेऊन पुढे जाऊ. देवगडकडचे एक हापूस बागायतदार. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवतात, आतापर्यंत सगळा व्यवहार फोनवर. त्यांची मागणी होती बागेच्या फोटोंचा मोठा स्लायडर, आजोबांपासूनचा इतिहास आणि ‘आमच्याविषयी’चं छान पान. मागणीत गैर काही नाही. पण स्लायडर करायला बसण्याआधी त्यांना एकच विनंती करायची: गेल्या हंगामातले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दाखवा. लोक काय काय विचारतात ते बघू.

त्या मेसेजमध्ये वेबसाइटचा सगळा आराखडा लिहिलेला असतो. आज डझनाचा भाव काय? पेटी किती डझनांची? आमच्या पिनकोडला पोचवता का, आणि कुरिअरचे वेगळे पडतील का? आंबा तयार येतो की अढीत घालावा लागेल? कार्बाइड वापरत नाही ना? साका निघाला तर बदलून देता का? खरंच देवगडचा कशावरून? अक्षय तृतीयेच्या आत मिळेल का? बागेचा इतिहास मात्र कोणी विचारलेला नसतो. यातला साक्याचा प्रश्न फार मोलाचा आहे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. दुरून पैसे भरणाऱ्या माणसाला हीच भीती असते. त्याचं स्पष्ट उत्तर पहिल्या पानावर, बटणाच्या जवळ, दोन ओळींत दिलं, तर ते विश्वासाचं जेवढं काम करेल तेवढं आजोबांच्या फोटोनं होणार नाही. इतिहास काढून टाकायचा नाही, खाली न्यायचा. ‘खरंच देवगडचा कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून तो वाचला जाईल. त्याच्याच शेजारी जीआय मानांकनाचा उल्लेख येईल. कोकणातल्या हापूसला हे मानांकन २०१८ साली मिळालं, पण ते चिन्ह वापरायला बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असावी लागते. नोंदणी आहे का ते विचारा. नसेल तर चिन्ह लावू नका, क्लायंटनं आग्रह धरला तरी.

प्रत्येक धंद्यात असा एक दस्तऐवज असतोच. दवाखान्यात रिसेप्शनवरची ताई दिवसभर कोणती उत्तरं देते ते शेजारी बसून ऐका. पतसंस्थेत चौकशीच्या खिडकीपाशी उभे राहा. क्लासच्या ऑफिसात जूनमध्ये पालक काय विचारतात ते टिपून घ्या. क्लायंटच्या जागेवर जाऊन घालवलेली एक दुपार आपल्या टेबलवरच्या आठवडाभराच्या कामाला भारी पडते. आणखी एक गोष्ट तिथंच कळते: वेबसाइट सुरू झाल्यावर ती सांभाळणार कोण? आंब्याचा भाव पाडव्याला एक असतो, एप्रिलअखेर दुसरा, मेमध्ये आणखी उतरतो. तो बदलायला दर वेळी तुम्हाला फोन करावा लागणार असेल, तर तिसऱ्या दिवशी साइटवर शिळा भाव असेल आणि फोन परत पहिल्यासारखे वाजू लागतील. भाव बदलण्याची सोय बागायतदाराच्या मोबाइलवर, एका रकान्यात, बागेत उभ्या उभ्या करता येईल अशी हवी. ही गोष्ट गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, पण डिझाइनमध्ये हिची किंमत सर्वांत जास्त आहे.

हे सगळं ऐकून झालं की एका पानाचा कागद तयार करा. साइटवर कोण येणार, त्याला कोणती तीन कामं करता आली पाहिजेत, साइट कोण सांभाळणार, या कामात काय येत नाही, एवढंच त्यात लिहा. तो मराठीत लिहा आणि क्लायंटकडून ‘ठीक आहे’ असं उत्तर घ्या, मेलवर नाही तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर. पुढे प्रत्येक मतभेदात तुम्ही दोघं एका बाजूला आणि समोर हा कागद, अशी बसण्याची जागा बदलते. लोगो मोठा हवा? बघू या, कागदातल्या तीन कामांपैकी कोणतं त्यानं सोपं होतंय.

आता पहिला स्क्रीन. ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली. एकच पान प्रत्येक स्क्रीनच्या मापानुसार आपली मांडणी बदलेल, अशी ती कल्पना. आज ती सगळेच वापरतात, तरी क्लायंटला डिझाइन दाखवताना आपण मोठ्या मॉनिटरवरच दाखवतो. तसं करू नका. पहिल्यांदा फोनवर दाखवा, तेही स्वतःच्या नव्या फोनवर नको, क्लायंटच्या फोनवर, त्याच्या नेटवर, शक्य तर दुकानाबाहेर उन्हात. फिका राखाडी मजकूर तिथं नाहीसा होतो. तुम्ही तोंडानं समजावण्यापेक्षा हे दृश्य पटकन पटतं.

फोनच्या त्या पहिल्या स्क्रीनवर आपल्या बागायतदाराचं काय असावं? एक फोटो, तोही पेटीतल्या आंब्यांचा, म्हणजे फळाचा आकार आणि पेटीतली मांडणी दिसेल. आजचा भाव आणि तो कोणत्या तारखेचा आहे ते. पिनकोड टाकायचा रकाना. आणि एक बटण. फोन नंबर वरती, बोट लावलं की थेट लागेल असा. स्लायडर नको. पाच फोटोंचा स्लायडर म्हणजे पाच फोटोंचं वजन. बहुतेक लोक पहिला बघून खाली सरकतात, आणि जो फोटो खरोखर महत्त्वाचा आहे तो चौथ्या नंबरवर वाट बघत राहतो. क्लायंटला बागेचे फोटो प्रिय असतात, हे मान्य करा आणि त्यांना खाली, इतिहासाजवळ, सावकाश बघता येईल अशी चांगली जागा द्या.

वेगाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्याचे आकडे ठरलेले आहेत. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान भरताना मजकूर इकडेतिकडे उडू नये, अशी गूगलच्या ‘कोअर वेब व्हायटल्स’ची अपेक्षा आहे. फोटो चार हजार पिक्सेल रुंदीचा चढवून तो चारशेच्या चौकटीत दाखवू नका. प्रत्येक फोटोची उंची-रुंदी कोडमध्ये लिहा, म्हणजे फोटो येण्याआधी त्याची जागा राखली जाईल आणि ‘ऑर्डर करा’वर जाणारं बोट ऐन वेळी दुसऱ्याच बटणावर पडणार नाही.

मराठी अक्षरांवर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच साइट इंग्रजी टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर ओतून तयार होतात, आणि ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जाणवतं.

सुरुवात मजकुरापासून. क्लायंट तुम्हाला माहितीपत्रकाची फाइल देतो आणि ती श्रीलिपीत किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असते. छपाईसाठी ते ठीक होतं. वेबवर युनिकोडच लागतं, नाही तर तो मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याचा निव्वळ गोंधळ वाचतं. रूपांतर करायची साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार एक अक्षर सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या व्यंजनाला चिकटते, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो. ‘दुसऱ्या’ आणि ‘सूर्या’ हे दोन शब्द शोधून बघा. पहिल्यात रकार आडवा हवा, दुसऱ्यात रफार. रूपांतरानंतर सगळा मजकूर एकदा माणसानं वाचलाच पाहिजे आणि त्या वाचनाचे पैसे कोटेशनमध्ये धरलेच पाहिजेत.

त्यानंतर भाषेची नोंद. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा सांगायची सोय असते. तिथं टेम्प्लेटबरोबर आलेला इंग्रजीचा कोड तसाच पडून राहतो. तो मराठीचा करा. स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यामुळे कोणता आवाज वापरायचा ते कळतं. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिलेले असतात, तिथं ते आपोआप लागू होतात. हिंदी वळणाचा ‘ल’ वाचता येतो, पण आपल्या पुस्तकांत आणि पाट्यांवर वाढलेल्या डोळ्याला तो खटकतोच. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट तर मराठीच्या वळणांसाठीच केलेला आहे. ‘मुक्त’ आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ हेही विनामूल्य मिळतात आणि रोजच्या कामाला उत्तम आहेत. नोटो तर अँड्रॉइडमध्ये मुळातच असतो, त्यामुळे कमी नेटच्या भागातल्या साइटसाठी वेगळा फॉन्ट न पाठवता फोनमधलाच वापरायचा, हा निर्णयही शहाणपणाचा ठरू शकतो. एकाच फॉन्टची पाच-सहा वजनं चढवू नका. देवनागरीत जोडाक्षरांमुळे चिन्हं खूप असतात, म्हणून फाइलही रोमनपेक्षा जड असते. साधं आणि ठळक, दोन पुरतात.

मांडणीकडे येऊ. रोमनसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला कमी पडतं: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. अक्षराच्या मापाच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवा आणि मजकूर १७-१८ पिक्सेलपेक्षा लहान करू नका. अक्षरांमध्ये जागा सोडण्याची जी इंग्रजी शीर्षकांची फॅशन आहे, ती मराठीत आणू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरक्या अक्षरांची परंपरा आपल्या लिपीत नाही. ब्राउझर उभी अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतो आणि ती केविलवाणी दिसतात. भर द्यायचा असेल तर ठळक करा. लिंकखालची रेघ उकारांतून आरपार जात असेल, तर ती थोडी खाली सरकवा. शीर्षकाच्या जागी सहा अक्षरी नमुना मजकूर ठेवून डिझाइन मंजूर करून घेऊ नका. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ हा एकच शब्द मोठ्या मापात लहान फोनची रुंदी व्यापून टाकतो. डिझाइन करताना असलाच शब्द घालून बघा.

आणि फॉर्म. हा भाग सहसा कोणीच तपासत नाही, आणि गिऱ्हाईक अडतं ते बरोबर इथंच. मराठी कीबोर्ड लावलेला माणूस मोबाइल नंबर देवनागरी अंकांत टाकतो. कोडमध्ये नंबर तपासणारी ओळ फक्त इंग्रजी अंक ओळखते, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत येतं: ‘योग्य क्रमांक टाका’. त्यानं योग्यच टाकलेला असतो. तो दोनदा प्रयत्न करतो आणि निघून जातो. त्याला दोष देण्याऐवजी देवनागरी अंक स्वीकारून आत बदलून घेण्याच्या चार ओळी लिहा. नावाच्या रकान्यात मराठी नाव चालतं का, पत्त्यात चालतं का, तेही बघा. नावासाठी अक्षरांची मर्यादा घातली असेल तर लक्षात ठेवा की ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती चार चिन्हं आहेत. शोधाची सोय असेल तर ‘ऱ्या’ लिहायच्या दोन पद्धती आहेत आणि दिसायला सारखे असलेले दोन शब्द यंत्राला वेगळे वाटू शकतात. शोधण्याआधी दोन्ही एका रूपात आणावे लागतात.

बटणांवरचे शब्द बोलीतले असू द्या. ‘प्रस्तुत करा’ असं बटण बघून हात थबकतो. ‘ऑर्डर नक्की करा’ म्हटलं की पुढे काय होणार ते कळतं. पत्ता अपुरा असेल तर ‘अवैध प्रविष्टी’ म्हणू नका, ‘घर नंबर किंवा इमारतीचं नाव राहिलं आहे’ असं सांगा. हे शब्द क्लायंट देणार नाही, तुम्हालाच लिहावे लागतील. त्यावर तासभर खर्च करायची तयारी ठेवा.

रंगांबाबत एक मोजमाप सांगून ठेवतो, कारण ते वाद मिटवतं. वेबच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत, त्यांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातलं तेजाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १ चालेल, असं म्हटलं आहे. ते मोजायची साधनं ब्राउझरमध्येच असतात. क्लायंटला फिक्या केशरीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर मत देऊ नका, मोजून आकडा दाखवा. आणि साठी ओलांडलेली गिऱ्हाइकं किती, ते त्यालाच विचारा. आंबा मागवणाऱ्यांत ती पुष्कळ असतात. फोटोंना वर्णन लिहिणं, रकान्याचं नाव रकान्याच्या बाहेर कायम दिसेल असं ठेवणं, ही कामं त्याच ओघात करून टाका. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहितीच्या आणि सेवांच्या सुलभतेबद्दलही बोलतो. दवाखान्याची किंवा शाळेची साइट करत असाल तर हा भाग ऐच्छिक समजू नका.

मॅटर. काम रखडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. “मॅटर आठवड्यात देतो,” असं क्लायंट मनापासून म्हणतो आणि महिना उलटतो, कारण लिहिणं हे त्याचं काम नाही. त्याच्याकडून लिखाणाची अपेक्षा करू नका, बोलण्याची करा. त्याच्या परवानगीनं फोनवर अर्धा तास रेकॉर्ड करा: आंबा कधी उतरवता, कसा निवडता, पेटी कशी भरता, साका निघाल्यावर काय करता? तो फार सुंदर बोलेल. ते त्याच्याच शब्दांत, थोडं आवरून लिहा आणि वाचायला पाठवा. कोरा कागद भरायला माणूस घाबरतो, पण लिहिलेल्यात चूक काढायला लगेच तयार होतो, आणि त्या दुरुस्त्यांतून मजकूर पक्का होतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले तर त्यांची प्रत घसरते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

काम दाखवायला जाल तेव्हा निर्णय घेणारा माणूस समोर आहे याची आधी खात्री करा. मुलगा “मस्त” म्हणतो आणि दोन आठवड्यांनी वडील पहिल्यांदा बघतात, हा प्रकार घरच्या धंद्यात नेहमीचा. कागदातच लिहा: अंतिम होकार कोणाचा. घरातल्या मोठ्यांना आपण अहो-जाहो करतो, त्यांच्या वडीलधारेपणाचा मान ठेवतो, ते योग्यच आहे. पण होकार एकाचाच असेल, हे मान राखूनही सांगता येतं.

सूचना आली की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. तिच्यामागे काय आहे ते विचारा. ‘लोगो मोठा करा’ याच्यामागे बहुतेकदा ‘हे पान आमचं वाटत नाही’ असं दुखणं असतं, आणि त्याला लोगो हे औषध नसतं; पेटीवर छापलेलं नाव दिसेल असा फोटो लावला की भागतं. ‘पान रिकामं वाटतंय’ म्हणजे माणसाला पैशाचा मोबदला दिसत नाहीये. त्याला सांगा की ती मोकळी जागा भावाकडे नजर वळवते आहे, आणि मग करून दाखवा.

करून दाखवणं म्हणजे चाचणी. जेकब निल्सन यांनी २००० साली सांगितलं होतं की पाच माणसांना वापरायला दिलं, तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. पाच जण गोळा करणं काही अवघड नाही. क्लायंटच्या ओळखीची, पण साइट न पाहिलेली माणसं घ्या. फोन हातात द्या आणि एवढंच म्हणा, “ठाण्याला दोन डझन मागवायचेत, मागवा.” नंतर तोंडातून शब्द काढू नका. बोट कुठं थांबतं, माणूस कुठं वर-खाली करतो, कुठं “हे काय?” म्हणतो, ते लिहून घ्या. क्लायंटला शेजारी बसवा. आपल्याच आवडीच्या फोटोखाली गिऱ्हाइकाला बटण सापडत नाहीये, हे त्यानं स्वतः पाहिलं की तुम्हाला बोलावं लागत नाही.

पैशाचं आणि मालकीचं बोलायला आपण संकोचतो, म्हणून ते शेवटी ढकलतो. पहिल्याच भेटीत बोला. तीन टप्पे सोयीचे पडतात: सुरुवातीला चाळीस टक्के, डिझाइनला होकार मिळाल्यावर तीस, साइट सुरू करण्याआधी तीस. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या आहेत, तिसरीपासून तासाचा अमुक दर, हे कोटेशनमध्ये आकड्यांत असू द्या. क्लायंटकडून मॅटर उशिरा आलं तर तारीख तितकीच पुढे जाईल, हेही. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. त्याखाली असाल तर बिलात जीएसटी लावू नका, आणि क्लायंट मोठी संस्था असेल तर टीडीएस कापून पैसे येतील हे धरून चाला. उद्यम नोंदणी जरूर करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत, नाही तर चक्रवाढ व्याज लागतं, असं २००६ चा कायदा सांगतो. बागायतदारावर हे अस्त्र काढायची वेळ येणार नाही, पण कंपन्यांच्या अकाउंट विभागाला पाठवलेल्या स्मरणपत्रात त्याचा नुसता उल्लेख पुरेसा असतो.

डोमेन क्लायंटच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइल नंबरवर घ्या. होस्टिंगचं आणि पेमेंट गेटवेचंही तसंच. डिझायनरनं डोमेन स्वतःच्या नावावर ठेवायचं आणि क्लायंट दुसरीकडे जायला निघाला की अडवून धरायचं, हा प्रकार आपल्या क्षेत्रात चालतो आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. ते दुकानाचं नाव आहे, ज्याचं त्याच्याकडेच हवं. डिझाइन आणि कोडच्या हक्काचं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही नोकर नसाल तर केलेल्या कामाचे पहिले मालक साधारणपणे तुम्हीच असता. पैसे दिले म्हणून हक्क आपोआप क्लायंटकडे जात नाहीत, ते लेखी द्यावे लागतात. आणि लेखी देतानाही मुदत लिहिली नाही तर पाच वर्षांपुरते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते, असं धरलं जातं. म्हणून करारात एक स्वच्छ वाक्य घाला: पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाइन, मजकूर आणि या साइटसाठी लिहिलेला कोड कायमचा, जगभरासाठी क्लायंटचा, आणि माझी आधीची साधनं माझीच. विकत घेतलेले फोटो आणि फॉन्ट यांचे परवाने कोणाच्या नावावर आहेत, तेही त्याखाली लिहा.

काही वेळा नकार द्यावा लागतो. ‘फक्त दोन पेट्या शिल्लक’ असं कायम दाखवा, कुरिअरचे पैसे शेवटच्या पानावरच येऊ द्या, न विचारता भेटवस्तूची खूण आधीच करून ठेवा, अशा मागण्या येतात, आणि बहुतेकदा दुसऱ्या साइटवर पाहिलं म्हणून येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या डिझाइन प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. खोटी घाई दाखवणं आणि किंमत थेंबाथेंबानं उघड करणं, दोन्ही त्यांत आहेत. क्लायंटला ती तत्त्वं दाखवा, आणि जोडीला पर्यायही द्या: पिनकोड टाकताच कुरिअरसह एकूण रक्कम दिसेल. गिऱ्हाइकाची माहितीही गरजेपुरतीच घ्या. आंबे पाठवायला जन्मतारीख लागत नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर गोळा केलेली प्रत्येक गोष्ट सांभाळण्याची जबाबदारी क्लायंटवर येते.

साइट सोपवण्याच्या दिवशी पासवर्डचा कागद देऊन निघू नका. बागायतदाराच्या हातात त्याचा फोन द्या आणि भाव त्यालाच बदलायला सांगा, तुम्ही हात लावायचा नाही. मग हंगाम संपल्यावर ऑर्डर बंद कशी करायची आणि ‘पुढच्या हंगामासाठी नंबर ठेवा’ हा फॉर्म कसा सुरू करायचा, तेही करून घ्या. ही दोन्ही कामं करतानाचा स्क्रीन रेकॉर्ड करून त्याला पाठवा. जूननंतर तो हे विसरणार आणि मार्चमध्ये त्याला ते पुन्हा लागणार. वार्षिक देखभालीचा करार वेगळा करा आणि त्यात काय येतं ते मोजून लिहा: बॅकअप, अपडेट, महिन्याला इतके बदल. डोमेन आणि होस्टिंगच्या नूतनीकरणाच्या तारखा तुमच्याही कॅलेंडरमध्ये घाला, एक महिना आधीची आठवण लावून. पहिल्या शंभरेक ऑर्डरी गेल्या की त्याला फोन करा आणि विचारा की आता कोणते प्रश्न फोनवर येतात. जे येत असतील त्यांची उत्तरं साइटवर अजून नीट सापडत नाहीत. पुढच्या दुरुस्तीची यादी तिथूनच घ्या.